सोमवारी आणि गुरुवारी

हंगाम अजून अर्धाही सरला नव्हता, तोच शेडच्या विहिरीने तळ दाखवला. दोन वर्षं पावसाने नुसत्या हुलकावण्या दिल्या होत्या, त्यामुळे कुणाला फारसं नवल वाटलं नाही. वेलींना थेंबाथेंबाने पाणी मिळत होतं म्हणून त्या तगल्या. तगलं नाही ते शेडचं धुणं. शेड म्हणजे द्राक्षं निवडून, तोलून, खोक्यांत भरून परदेशी पाठवायची लांबलचक पत्र्याची जागा. आत चाळीस बायका दिवसभर उभ्या. बागेतून माल यायचा तो प्लॅस्टिकच्या क्रेटमधून, आणि हे क्रेट रोज गरम पाण्याने धुवायचे असा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. टँकर आठवड्यातून दोनदाच यायला लागला तसा नियम भिंतीवरच राहिला. क्रेट सोमवारी आणि गुरुवारी धुतले जाऊ लागले. बाकीच्या दिवशी फडक्याने पुसायचे. पुसणाऱ्या बायका म्हणायच्या, "या फडक्यालाच अंघोळ नाही, ते बिचारं दुसऱ्याला काय घालणार!"

मास्तरांची सून चौथ्या टेबलावर होती. सकाळी सातला डोक्याला टोपी घालून, तोंडाला फडकं बांधून उभी राहायची ती चारला हलायची. घड उचलायचा तो देठाला धरून. मण्याला बोट लागलं की त्याच्यावरची पांढरी झाक पुसली जाते आणि माल दुय्यम ठरतो. डाव्या हातात घड, उजव्या हातात बारीक टोकाची कात्री. तडकलेला मणी काढ, वाळका काढ, घड फिरव, बघ, तोल, भर. गार खोलीतून आलेल्या मालाने बोटं बधिर व्हायची, आणि बधिर बोटाला कात्री लागली तर रक्त दिसेपर्यंत कळायचंही नाही. घरी आली की ती आधी चपला काढायची आणि उंबऱ्यात बसून आपल्या सुजलेल्या पायांकडे नुसती बघत राहायची. मग उठून कामाला लागायची.

हे काम चार महिन्यांचं. हंगाम संपला की पुन्हा कुणाच्या बांधावर नाहीतर कुणाच्या दारात. म्हणून त्या आठवड्यात मॅनेजरने जे सांगितलं त्याने सगळ्या टेबलांवर कुजबुज सुरू झाली. माल घेणाऱ्या परदेशी कंपनीची बाई महिन्याभराने तपासणीला येणार होती. मागल्या वर्षी ती आली तेव्हा मॅनेजर स्वतःच दुभाष्या झाला होता. बाईने बायकांना विचारायचं आणि मॅनेजरने उत्तर द्यायचं, असा तो कारभार. बाईने जाताना वहीत लिहून ठेवलं की इथल्या कामगारांना तोंड नाही असं दिसतं. आता हुकूम आला होता, दर टेबलाची एक बाई स्वतः इंग्रजीत उत्तर देईल. जी सगळ्यांत चांगलं बोलेल तिला वजनकाट्याचं बारमाही काम. वजनकाट्याला खुर्ची असते. बाराही महिने काम, आणि तेही बसून!

मॅनेजरने प्रत्येक टेबलाला एक कागद दिला. त्यावर बारा वाक्यं होती, आपल्या अक्षरांत लिहिलेली, पण इंग्रजी. चौथ्या टेबलाने एका तोंडाने सांगितलं, "मास्तरांच्या घरची आहे, हिलाच जमेल."

मास्तरांच्या घरची होती खरी. पण इंग्रजीत नापास झाल्यामुळेच तिची शाळा सुटली होती, आणि तिला नापास करणारे मास्तर हेच होते.

मास्तरांनी गावच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आय गो, वुई गो, यू गो, ही गोज. पोरं एका सुरात म्हणायची, पत्रे दणाणायचे, आणि रस्त्याने जाणाऱ्याला वाटायचं, काय शिकवतात मास्तर! त्या एकतीस वर्षांत एकही पोर इंग्रजीत स्वतःच्या मनातलं एक वाक्य बोललं नाही. मास्तरांनाही त्याचं काही वाटलं नाही. वाक्य चुकलं की वर्गाबाहेर, एवढाच त्यांचा न्याय. ही मुलगी "शी गो" म्हणायची. समजावलं तरी "शी गो". एकदा कडाक्याच्या थंडीत त्यांनी तिला अख्खा तास व्हरांड्यात उभं केलं. तास संपताना खिडकीकडे लक्ष गेलं तर ती गजांना नाक लावून फळ्यावरचं वहीत उतरवून घेत होती. पुढे चार वर्षांनी तीच मुलगी सून होऊन घरात आली. घरात ती त्यांना मामंजी म्हणायची, पण घाबरली की अजून तोंडातून "सर" निघायचं.

"सर," कागद पुढे करून ती म्हणाली, "एवढं पाठ करून घ्याल का?"

मास्तरांनी चष्मा पुसला. निवृत्त झाल्यापासून सहा वर्षांत त्यांच्याकडे कुणी काही शिकायला आलं नव्हतं. "बस," ते म्हणाले.

पहिले आठ दिवस नुसतं दगडावर पाणी. ती चारला सुटायची, पाचला अंगणात भांडी घासायला बसायची. मास्तर समोर पायरीवर कागद घेऊन. "वुई वॉश अवर हँड्स बिफोर वर्क." ती म्हणायची, "वुई वॉश अवर वर्क." तिसऱ्या वाक्याला पहिलं विसरायची. मास्तरांचा आवाज चढायचा, आणि आवाज चढला की तिच्या हातातलं भांडं थांबायचं, मान खाली जायची. एकदा तर हातातलं भांडं ठेवून ती उठलीच.

"कुठे निघालीस?" मास्तरांनी विचारलं.

"बाहेर," ती म्हणाली. मग तिच्याच लक्षात आलं की आपण अंगणातच आहोत, बाहेरच. ती हसली. मास्तरांना हसू आलं नाही. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तर म्हणाले, "पोट जड आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद घडी करून कपाटात ठेवला.

"वाक्यं राहू देत," ते म्हणाले. "तू रोज काय काय करतेस ते सांग. जे खरंच करतेस तेवढंच. जे करत नाहीस ते बोलायचं नाही. काय करतेस?"

"उभी राहते."

"आय स्टँड."

"आय स्टँड," ती म्हणाली. मग जरा थांबून, भांड्यावर बोटं मोजत, "आय स्टँड नाइन अवर्स."

मास्तरांनी मान हलवली. ही त्यांची जुनी सवय. वाक्य बरोबर आलं की तोंडाने शाबास म्हणायचे नाहीत, डोळे मिटून मान एकदा खाली-वर करायचे. शाळेत ही मान मिळवायला पोरं जिवाचं रान करायची. हिला ती कधी मिळाली नव्हती. आज मिळाली, तशी ती ताठ बसली आणि घरात बघून म्हणाली, "आई डझ नॉट सिट."

"काय म्हणतेयस गं माझ्याबद्दल?" म्हातारीने, तिच्या सासूने, आतून विचारलं.

"तुम्ही बसत नाही, असं म्हटलं मी."

"खोटं काय त्यात?" म्हातारी म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

"आणि मी?" मास्तरांनी विचारलं. विचारायला नको होतं.

ती घुटमळली. "सांगू? मामंजी ड्रिंक्स टी. ही डझ नॉट वॉश द कप."

आत भांडं आपटल्यासारखा आवाज झाला. म्हातारीला इंग्रजी येत नव्हतं, पण कप हा शब्द येत होता, आणि बाकीचं तिने चाळीस वर्षांच्या अनुभवाने ओळखलं. मास्तरांनी मात्र डोळे मिटून मान हलवली, कारण ड्रिंक्समधला शेवटचा स बिनचूक पडला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा कप स्वतः विसळला. म्हातारी म्हणाली, "हे इंग्रजी आधीच का नाही आलं घरात?"

मग गाडी अशी सुटली की थांबेना. माय फीट स्वेल. द सिझर्स आर कोल्ड. माय हजबंड ड्राइव्ह्ज द टेम्पो, ही कम्स होम अँड ही स्लीप्स. नवरा शेडचाच टेम्पो चालवायचा. तो कूस बदलून म्हणायचा, "माझं नाव घेऊन काय चाललंय तुमचं?" मास्तर दिवसभर तिच्या येण्याची वाट बघायचे. चार वाजले की पायरीवर येऊन बसायचे. वाक्य मनात जुळवताना ती ओठ दाबायची, वाक्य सुटलं की त्यांच्या मानेकडे बघायची, आणि मान हलली की पुढचं. मास्तरांना वाटायचं, अरे, हे असं शिकवायचं असतं होय! एकतीस वर्षं आपण केलं तरी काय? त्या विचाराने आनंदही व्हायचा आणि लाजही वाटायची.

तपासणीच्या आदल्या आठवड्यात तिनेच कपाटातून कागद काढला. आता बाराही वाक्यं तिला हातचा मळ होती. ती वाचत गेली. नवव्या वाक्याला मास्तरांनी थांबवलं.

"वुई वॉश द क्रेट्स एव्हरी डे. हे रोज करता?"

"कुठलं रोज! पाणी आहे का? सोमवारी आणि गुरुवारी."

"मग तसं म्हण."

"वुई वॉश द क्रेट्स ऑन मंडे अँड थर्सडे," ती एका दमात म्हणाली. "ऑन अदर डेज वुई वाइप."

वाइप हा शब्द तिला त्यांनी शिकवला नव्हता. तो तिने खोक्यावरच्या चित्राखाली वाचून, चार दिवस जपून ठेवून, नेमका जागेवर आणला होता. मास्तरांचे डोळे मिटले आणि मान खाली-वर झाली.

एक विचार त्यांच्या मनात आला होता, हे नंतर त्यांनी स्वतःशी कबूल केलं. तिथे हे बोलू नकोस, तिथे कागदावरचं बोल, एवढं सांगायला हवं. पण ती इतकी खुशीत होती. उद्या सांगू म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती प्रश्न विचारायला शिकली, आणि सांगायचं राहून गेलं.

तपासणी मंगळवारी होती. त्या दिवशी पहाटेच दोन टँकर आले आणि शेड आरशासारखी झाली. मॅनेजरने मास्तरांनाही बोलावून घेतलं होतं, चौथ्या टेबलाची तयारी कुणी करून घेतली ते पाहुण्यांना दाखवायला. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून गेले. दारात त्यांच्या डोक्याला प्लॅस्टिकची टोपी आणि बुटांवर निळ्या पिशव्या चढवल्या. एका टोकाला उभं राहून त्यांनी बघितलं. चाळीस टोप्या, चाळीस झाकलेली तोंडं. त्यांतली आपली सून त्यांनी पायांवरून ओळखली.

वहीवाली बाई उंच होती, केस पिकलेले, आवाज मऊ. मॅनेजर तिच्या मागे, आणि मॅनेजरच्या मागे मुकादम. बायका त्याला शिट्टी म्हणायच्या, कारण जेवणाची सुट्टी तो शिट्टीने संपवायचा. पहिल्या टेबलाच्या बाईने बारा वाक्यं एका श्वासात ओकून टाकली. वहीवालीने विचारलेल्या प्रश्नाशी त्यांचा काही संबंध नव्हता. दुसरीला रडू फुटलं. तिसऱ्या टेबलाची ठमी, तिला ठमी म्हणायचे कारण ती ठेंगणी आणि ठसठशीत, तिने प्रत्येक प्रश्नाला "येस मॅडम" म्हणून वेळ मारून नेली. मॅनेजरच्या मानेवर घाम दिसायला लागला.

वहीवाली बाई चौथ्या टेबलापाशी आली.

"तुम्ही काय काम करता?" तिने इंग्रजीत विचारलं.

सुनेने तोंडावरचं फडकं खाली घेतलं. "आय कट द बॅड ग्रेप्स," ती म्हणाली. "आय होल्ड द स्टेम. आय डू नॉट टच द फ्रूट."

बाईने वहीतून मान वर केली. का हात लावत नाही, असं विचारलं. सुनेने घड उचलून तिच्यासमोर धरला, एका मण्यावर बोट फिरवलं आणि पुसलेली झाक दाखवली. "द व्हाइट गोज," ती म्हणाली.

शी गो म्हणणारी मुलगी! मास्तरांना भरून आलं. शेडमधल्या साऱ्या कात्र्या थांबल्या होत्या. बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या. मॅनेजरचा चेहरा खुलला. बाईने आणखी पाच-सहा प्रश्न विचारले, ती हसायलाही लागली, आणि सूनही हसून उत्तरं देत राहिली. कुणीतरी आपल्याला विचारतंय आणि ऐकून घेतंय, याचंच तिला इतकं सुख झालं होतं की समोर कोण आहे याचा तिला विसर पडला.

मग बाईने टेबलाखालच्या क्रेटवर हात ठेवला. "हे तुम्ही रोज धुता?"

"नो," सून म्हणाली. "वुई वॉश द क्रेट्स ऑन मंडे..."

इथे ती थांबली. तिला शब्द आठवत नव्हता, की भान आलं होतं, हे मास्तरांना कधीच कळलं नाही. तिने बाईच्या खांद्यावरून थेट त्यांच्याकडे बघितलं. मॅनेजरचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण तो मास्तरांनी बघितला नाही. त्यांना फक्त अर्धं वाक्य ऐकू येत होतं, बिनचूक चाललेलं, पूर्ण व्हायला आसुसलेलं. त्यांचे डोळे मिटले. मान खाली-वर झाली.

"...अँड थर्सडे," सून म्हणाली. "ऑन अदर डेज वुई वाइप."

मास्तरांनी डोळे उघडले तेव्हा बाई लिहीत होती.

बाईने त्रागा केला नाही. उलट जाताना तिने सुनेचा हात हातात घेतला, मास्तरांनाही नमस्कारासारखं काही केलं आणि म्हणाली, तुम्ही फार चांगलं शिकवलंत. चौथ्या दिवशी पत्र आलं. सगळे क्रेट बदला, पाण्याची सोय करा, दीड महिन्याने पुन्हा तपासणी होईल. तोपर्यंत या शेडचा माल बंद.

शेड बंद झाली. द्राक्षं थांबत नाहीत. ती मातीमोल भावाने रस्त्यावर गेली, उरलेली वेलींवरच सुकली. चाळीस बायका भर हंगामात घरी बसल्या. टेम्पोला माल नाही म्हणून मास्तरांच्या मुलालाही मॅनेजरने सांगितलं, काही दिवस येऊ नकोस. सून आता कोरड्या बागांमध्ये वाळक्या काड्या छाटायला जायची. दिवसभर हात वर करून मोठी कात्री चालवायची. संध्याकाळी तिला डोक्यावरचं फडकंसुद्धा सोडता यायचं नाही, खांदे धरून यायचे. म्हातारीच सोडायची, आणि सोडता सोडता बोलायची.

"चाळीस घरांच्या ताटात माती कालवलीस. एवढं बोलायची काय गरज होती? जिभेला काही हाड?"

सून सोडलेल्या फडक्याची घडी घालायची.

"इतक्या बायका, एकीच्या तरी तोंडून निघालं का? ती ठमी बघ. येस मॅडम, येस मॅडम. अडाणी म्हणतो आपण तिला. शहाणी ठरली."

मास्तर कोपऱ्यात वर्तमानपत्र धरून बसलेले असायचे. मी मान हलवली, एवढे तीन शब्द. रोज ते ओठांपर्यंत यायचे. एकदा तर त्यांनी पेपर खाली ठेवला, घसा खाकरला.

"काय?" म्हातारीने विचारलं.

"चहा," ते म्हणाले.

पाण्याच्या नळावर बायका सुनेला बघून बोलणं थांबवायच्या. ठमीने एकदा तिच्या तोंडावर म्हटलं, "बाईसाहेब, आज वार कोणता? क्रेट धुवायचे की पुसायचे?" सगळ्या हसल्या. सुनेने हंडा भरला आणि घरी आली. मास्तर तेव्हा रस्त्यातच होते, त्यांनी सगळं ऐकलं. ते खाली बघत पुढे निघून गेले. आयुष्यात त्यांनी बरंच काही चुकीचं केलं असेल, पण त्या दिवशी रस्त्याने पुढे जाण्याइतकं वाईट काही केलं नाही. हे त्यांना तिथेच, चालता चालताच कळत होतं, आणि तरी पाय मागे वळले नाहीत.

महिना झाला आणि मॅनेजर घरी आला. नवे क्रेट आले होते, कोरे, चकचकीत. पाणी मात्र आलं नव्हतं. टँकर अजून आठवड्यातून दोनदाच यायचा.

"मास्तर, पंधरा दिवसांनी दुसरे साहेब येतायत," तो म्हणाला. "या वेळी कुणालाही उभं करून विचारतील. चाळीसही जणींना बोलता आलं पाहिजे. तुमच्याशिवाय कोण करणार?" त्याने कागदांचा गठ्ठा पायरीवर ठेवला. "फक्त एक विनंती. या कागदावरचंच. याच्या बाहेर एक अक्षर नाही. तुमच्या मुलाला उद्यापासून टेम्पोवर घेतो."

"आणि सून?"

मॅनेजरने चप्पल पायात सरकवली. "तिचं बघू. पुढच्या हंगामात." मग दारातून वळून म्हणाला, "खुर्ची ठमीला दिलीय."

सून आत होती. तो गेल्यावर मास्तर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. म्हातारी बाहेर गेली होती. इतके दिवस अडकलेले ते तीन शब्द त्यांनी एकदाचे बोलून टाकले. "मी मान हलवली."

ती चुलीपाशी बसली होती. "मला माहीत आहे," ती म्हणाली.

"सगळ्यांना सांगतो. आजच सांगतो. तुझ्या सासूला, त्या नळावरच्या बायकांना..."

"नका सांगू, सर." तिने त्यांच्याकडे न बघता म्हटलं. "उद्यापासून त्या तुमच्याकडे शिकायला यायच्यात. तुमच्यावरचा विश्वास उडाला तर कुणाकडे जातील? त्यांचा दुसरा हंगाम पण जाईल."

मास्तर दारातच उभे राहिले. तिने उठून त्यांच्या बाजूने वाट काढली आणि सरपण आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला बायका आल्या. पडवीत मावेनात म्हणून माजघरात बसल्या, दाटीवाटीने, काहींच्या मांडीवर पोरं. मास्तरांनी दाराला फळा टेकवला. म्हातारी कौतुकाने सगळ्यांना पाणी देत होती. सून कामावरून आली, उंबऱ्यात चपला काढायला वाकली, आत बघितलं, आणि चपला न काढताच मागे फिरली. अंगणात खिडकीखाली काड्यांची मोळी पडली होती. ती तिथे बसून एकसारख्या लांबीचे तुकडे करायला लागली. "आत ये की," एक बाई म्हणाली. ती म्हणाली, "काम आहे."

मास्तरांनी वाक्य म्हटलं, बायकांनी म्हटलं. एक, दोन, तीन. एका सुरात, पत्रे दणाणतील असं. एकतीस वर्षं जसं व्हायचं तसंच. बायका पटापट पाठ करत होत्या, पोटाचा प्रश्न होता. मास्तरांना वाटलं, रस्त्याने जाणारा म्हणत असेल, काय शिकवतात मास्तर! त्यांना स्वतःची किळस आली, आणि तोंड चालूच राहिलं.

नववं वाक्य आलं. मास्तरांनी फळ्यावर नुसता नऊचा आकडा काढला, पण आवाज फुटेना. पुढच्या रांगेत ठमी होती. तिने स्वतःच सुरुवात केली.

"वुई वॉश द क्रेट्स..." आणि अडली. "वुई वॉश द क्रेट्स... काय गं पुढे?"

कुणालाच आठवेना. बायका मास्तरांच्या तोंडाकडे बघत होत्या. मास्तर खिडकीकडे बघत होते. बाहेर काड्या मोडायचा आवाज थांबला.

"एव्हरी डे," खिडकीबाहेरून सून म्हणाली. स्वच्छ, शांत, एकही अक्षर न चुकवता.

"हां, एव्हरी डे!" ठमी म्हणाली, आणि सगळ्या जणींनी ते उचललं.

गजांमधून सुनेचा चेहरा दिसत होता. वाक्य सुटल्यावर सवयीने तिने मास्तरांच्या मानेकडे बघितलं. मास्तर ताठ उभे राहिले. तिने क्षणभर वाट बघितली, मग खाली बसून पुढची काडी उचलली.